व्यायामाची चिठ्ठी : वृत्ती, मात्रा आणि क्रम

प्रमेह, स्थौल्य, संधिवात, रक्तदाब अथवा जुनाट मलावरोध घेऊन आलेल्या रुग्णास औषध लिहून दिल्यानंतर आपण सर्वच चिकित्सक एक वाक्य हमखास उच्चारतो, "रोज थोडा व्यायाम करीत जा." रुग्ण मान डोलावतो. महिन्याने तो पुन्हा येतो तेव्हा औषधे संपलेली असतात, व्यायाम मात्र सुरूच झालेला नसतो. कारण विचारल्यास उत्तर ठरलेले असते, "वेळच मिळत नाही, डॉक्टरसाहेब." आपण पुन्हा तेच वाक्य उच्चारतो आणि दुसरा रुग्ण आत येतो.

या व्यवहारात दोष केवळ रुग्णाचा मानणे न्यायाचे होणार नाही. एखादे चूर्ण देताना आपण द्रव्य सांगतो, मात्रा सांगतो, काल सांगतो, अनुपान सांगतो आणि किती दिवसांनी दाखवावे हेही सांगतो. व्यायाम सांगताना यांपैकी काहीच सांगत नाही. मात्रा आणि काल यांवाचून दिलेले औषध रुग्णाने घेतले नाही तर त्यात नवल ते काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटींहून अधिक आहे. या दुसऱ्या गटातील माणसास आज औषधापेक्षा चेष्टेची गरज अधिक आहे. तो आपल्या समोर बसलेला असताना एका मोघम वाक्यावर त्याची बोळवण करणे आपल्या शास्त्राला शोभणारे नाही.

श्रम आणि व्यायाम

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या करताना तीन गोष्टींचा आग्रह धरला आहे. ती शरीरचेष्टा मनाला इष्ट असावी, शरीरास स्थैर्य व बल देणारी असावी आणि मात्रेने केलेली असावी. या कसोटीवर मोंढ्यातील हमालाचे पोती वाहणे किंवा शेतमजूर स्त्रीची दिवसभराची खुरपणी हा श्रम ठरतो. त्यात चेष्टा आहे, परंतु मात्रा दुसऱ्याच्या हाती आहे आणि शरीराचे ठराविक भागच झिजत राहतात. उलट आडतीच्या गादीवर दिवसभर बसणाऱ्या व्यापाऱ्याकडे मात्रा आहे, चेष्टाच नाही. प्रमेहाच्या हेतूंमध्ये आसनसुख आणि स्वप्नसुख यांचा आचार्यांनी प्रारंभीच उल्लेख केला आहे, तो अशांसाठीच. दोघांनाही "व्यायाम करा" हेच सांगणे म्हणजे ज्वर आणि अतिसार यांस एकच काढा देण्यासारखे आहे.

सुश्रुतांनी दाखविलेली वाट

या बाबतीत सुश्रुतसंहितेचे प्रमेहपिडकांच्या आधीचे चिकित्सास्थान, म्हणजे अकरावा अध्याय, पुन्हा वाचण्याजोगा आहे. तेथे सुश्रुतांनी प्रमेही रुग्णास एकच व्यायाम सांगितलेला नाही. साधनसंपन्न रुग्णास कुस्ती, क्रीडा, हत्ती-घोडे-रथ यांवरील फेरफटका व शस्त्राभ्यास सांगितला. निर्धनास पादत्राण व छत्री यांवाचून गावोगाव चालत शंभर योजने जाण्यास सांगितले. इतरांस सतत नांगरणी करण्यास किंवा विहीर खणण्यास सांगितले. आणि या सर्वांबरोबर कृश रुग्णास सदैव जपावे, असाही इशारा दिला. रुग्णाची वृत्ती, म्हणजे उपजीविका, पाहून व्यायाम निवडावा हे तत्त्व यात स्पष्ट आहे. घोडा आणि रथ आज राहिले नाहीत, तत्त्व मात्र जसेच्या तसे लागू पडते.

आधुनिक विज्ञानही याच दिशेने आले. लंडनमधील दुमजली बसगाड्यांच्या चालक व वाहकांचा जेरेमी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. एकाच गाडीवर, एकाच संस्थेत काम करणाऱ्या या दोघांपैकी दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले, जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांत कमी. वाहकांनी वेगळा व्यायाम केला नव्हता, त्यांची चेष्टा कामातच गुंफलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम चेष्टा सांगितली आहे. ती सलग दहा मिनिटे तरी झालीच पाहिजे, ही जुनी अटही त्यातून गळाली आहे. ज्याला "वेळ मिळत नाही" त्याच्यासाठी ही फार मोलाची सवलत आहे.

मात्रा : अर्धशक्तीची खूण

व्यायाम करण्यापूर्वी वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार या सहा गोष्टी पाहाव्यात, असे सुश्रुत सांगतात. मात्रा म्हणून अर्धशक्ती सांगितली आहे. तिची लक्षणे कोणत्याही यंत्रावाचून रुग्णास शिकविता येतात : श्वास तोंडाने घ्यावासा वाटणे, कपाळावर, नाकावर व सांध्यांच्या ठिकाणी घाम येणे, तोंडास कोरड पडणे. ही लक्षणे दिसली की थांबावे. आजच्या भाषेत सांगायचे तर चालताना बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागावा.

अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, कास, ज्वर व छर्दी उत्पन्न होतात. एक तारखेपासून उत्साहाने तासभर धावणारा आणि पाच तारखेस गुडघा धरून आपल्याकडे येणारा तरुण हा या वचनाचाच दाखला होय.

काल : ऋतू आणि मोंढा

बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने शीतकालात व वसंतात अर्धशक्ती व्यायाम करावा, अन्य ऋतूंत अल्प करावा, असा वाग्भटांचा दंडक आहे. ग्रीष्मात आणि वर्षाऋतूत व्यायाम वर्ज्य मानला आहे. बालाघाटच्या पठारावर वसलेल्या उदगीरच्या कोरड्या, तप्त उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा या दंडकाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु येथेच आपल्या भागाची खरी अडचण आहे. व्यायामास जो काल उत्तम, तोच काल धंद्याच्या धांदलीचा असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू होते, संक्रांतीच्या आसपास तूर येते आणि दालमिल जोरात चालतात. व्यापारी, मुनीम, मापाडी, हमाल व शेतकरी या सर्वांना हेमंत-शिशिरात उसंत नसते. उसंत मिळते ती ग्रीष्मात, व तेव्हा शरीरबल क्षीण असते. मेमध्ये मोठ्या संकल्पाने आरंभ करणारे रुग्ण अपयशी का ठरतात, याचे एक कारण हे आहे. म्हणून आरंभ शरद ऋतूच्या अखेरीस, आवक वाढण्यापूर्वी करून द्यावा. एकदा सवय जडली की धांदलीतही ती टिकते. ग्रीष्मात मात्र सूर्योदयापूर्वीचे चंक्रमण, म्हणजे शरीरास पीडा न देणारे चालणे, तेवढेच ठेवावे. त्याने आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढतात, असे सुश्रुतांनी म्हटलेच आहे. पावसाळ्यात घरातल्या घरात थोडी आसने पुरेशी होत.

दिवसातील काल प्रातःकाळचा, मलोत्सर्गानंतरचा व भोजनापूर्वीचा. दिनचर्येतील क्रमाप्रमाणे आधी अभ्यंग, मग व्यायाम, नंतर उद्वर्तन व स्नान. सर्वांगाचा अभ्यंग रोज शक्य नसल्यास शिर, कान व पाय यांना तरी तेल लावावे. आपल्या भागात करडईचे तेल घरोघरी असते, परंतु वाग्भटांनी ते उष्ण व त्वग्दोषकारक सांगितले आहे. अभ्यंगासाठी तिळाचेच तेल सांगावे.

पादांशिक क्रम : सवय कशी जडवावी

ज्या अध्यायात चरकांनी व्यायाम सांगितला, त्याच अध्यायात किंचित पुढे अहितकर सवय सोडण्याचा व हितकर सवय जोडण्याचा पादांशिक क्रम सांगितला आहे. हे सान्निध्य अर्थपूर्ण आहे. अहित एकदम सोडू नये, हित एकदम स्वीकारू नये. एक एक पाद बदलावा आणि प्रत्येक टप्प्यावर अधिक काळ स्थिर व्हावे. संहितेतील दिवसांच्या जागी आठवडे योजून हा क्रम व्यायामास पुढीलप्रमाणे लावता येतो. उद्दिष्ट प्रातःकाळी चाळीस मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस :

१) पहिला आठवडा : दहा मिनिटे.
२) दुसरा व तिसरा आठवडा : वीस मिनिटे.
३) चौथा ते सहावा आठवडा : तीस मिनिटे.
४) सातव्या आठवड्यापासून : चाळीस मिनिटे.

जितकी मिनिटे व्यायाम वाढेल, तितकीच मिनिटे रात्रीचे जागरण कमी करावे. रात्री दूरदर्शनसंच किंवा मोबाईल दहा मिनिटे आधी बंद झाला तर सकाळची दहा मिनिटे आपोआप हाती येतात. वेळ नसल्याच्या तक्रारीवर याहून सोपा उपाय नाही. एखादा दिवस चुकला तर पुढच्या दिवशी दुप्पट करू नये, फक्त त्याच टप्प्यावर राहावे.

वृत्तीनुसार योजना

आडत दुकानदार व दालमिलचालक : सकाळी चंक्रमण व पादांशिक क्रमाने सूर्यनमस्कार. दुकानात दर तासाला उठून दोन-चार मिनिटे चालणे. मोंढ्यापर्यंतचे अंतर मोटारसायकलऐवजी पायी.

शिक्षक, बँक व कचेरीतील कर्मचारी : सकाळची शाळा असल्यास व्यायाम सायंकाळी, अन्न पचल्यानंतर. मान, खांदे व कटी यांच्या हालचाली कामाच्या जागीच.

गृहिणी : "मला घरात किती काम असते" हे तिचे म्हणणे खरेच असते, परंतु तो श्रम आहे. मराठवाड्यातील अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येण्याच्या दिवशीची सकाळ तिच्या हाती नसते. म्हणून तिच्या चिठ्ठीवर वेळ लिहिताना पाण्याचा वार विचारावा आणि त्या दिवशी सायंकाळची वेळ द्यावी. तिच्या चाळीस मिनिटांत घरातील इतरांनी कोणते काम उचलावे, हे सोबत आलेल्या पती वा मुलास तेथेच सांगावे. या एका सूचनेवाचून तिची योजना कागदावरच राहते.

हमाल व शेतमजूर : यांना श्रम वाढविण्याची गरज नाही. अभ्यंग, न वापरलेल्या अंगांचे ताण सैल करणारी मोजकी आसने व पुरेशी निद्रा हीच त्यांची व्यायामयोजना.

एस.टी. व मालमोटार चालक : प्रत्येक थांब्यावर उतरून चालणे, आठवड्याच्या सुट्टीस दीर्घ चंक्रमण.

भोजनोत्तर शतपावली सर्वांनाच सांगावी. जेवणाचा जडपणा उतरेपर्यंत स्वस्थ बसून मग शंभर पावले चालण्यास सुश्रुतांनी सांगितले आहे. भोजनानंतरच्या मंद चालण्याने रक्तातील साखरेची वाढ कमी राहते, असे आधुनिक अभ्यासही सांगतात. मात्र शतपावली म्हणजे व्यायाम नव्हे. भरल्या पोटी व्यायाम निषिद्धच आहे.

निषेध व सावधगिरी

वात-पित्तज विकारांनी पीडित, बालक, वृद्ध व अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. कृश प्रमेही रुग्णास बृंहण प्रथम, व्यायाम नंतर. श्रमाने छातीत दुखणाऱ्या किंवा ज्ञात हृद्रोग असलेल्या रुग्णाची तपासणी झाल्यावाचून योजना लिहू नये. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास व्यायामात साखर एकदम कमी होण्याची लक्षणे समजावून द्यावीत आणि जवळ साखर वा गूळ ठेवण्यास सांगावे. पायांची संवेदना मंदावलेल्या मधुमेहीस सुश्रुतोक्त अनवाणी चालणे कदापि सांगू नये. त्याने बंद पादत्राण वापरावे व रोज तळपाय पाहावेत. नेत्रपटलात विकृती असल्यास वजन उचलणे व दम कोंडणारे व्यायाम टाळावेत.

चिठ्ठीवर काय लिहावे

औषधांच्या खाली पाच ओळी पुरेत : कोणता व्यायाम, किती मिनिटे, कोणत्या वेळी, कोणती लक्षणे दिसताच थांबावे, पुन्हा केव्हा दाखवावे. उदगीर सीमेवरचे गाव आहे. मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारे रुग्ण आपल्याकडे येतात, तेव्हा लिहिलेले त्यांच्या भाषेत एकदा बोलूनही दाखवावे. पुढच्या भेटीत नाडीपरीक्षेनंतर पहिला प्रश्न या ओळींविषयीच असावा. किती दिवस झाले, कोणता वार चुकला, का चुकला, हे विचारल्यावर रुग्णास कळते की वैद्याने ही गोष्ट औषधाइतकीच गंभीरपणे दिली होती.

वजन, कटिपरीघ आणि रक्तातील साखर दर तीन महिन्यांनी नोंदवून ठेवावी. आपापल्या चिकित्सालयात येत्या शरद ऋतूपासून निदान दहा रुग्णांवर ही पद्धत अवलंबून वैद्यबंधू-भगिनींनी नोंदी ठेवल्यास आपल्याच भागातील, आपल्याच वृत्तींच्या रुग्णांचा अनुभव संघटनेच्या बैठकीत एकमेकांसमोर मांडता येईल. आरंभ पाच ओळींनी व दहा मिनिटांनी करावा, एवढेच आग्रहाचे सांगणे आहे.