बनाना राइडवर बसण्यापूर्वी

नाताळच्या सुट्टीतली दुपार. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात पस्तिशीच्या एक बाई नवऱ्याच्या आधाराने आल्या. कपडे ओले, अंगभर वाळू. ‘पोटात दुखतंय, समुद्राचं पाणी गेलं असेल,’ असं नवरा सांगत होता. बाई काहीच बोलेनात. सिस्टरने बाजूला नेऊन विचारलं तेव्हा कळलं, बनाना राइडवरून पडल्यापासून अंगावरून रक्त जात होतं. योनिमार्गाला आतून जखम झाली होती. भूल देऊन टाके घालावे लागले.

पाण्याने जखम कशी होईल, असं अनेकांना वाटतं. बोटीमागे ओढले जात असताना वेग ताशी 30 किलोमीटर असला, तर पडताना पाण्याला बसणारी धडक साधारण साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून उडी मारल्याइतकी असते. पाय फाकलेले असताना बसल्यासारखं पडलं, की पाणी दाबाने योनिमार्गात किंवा गुदद्वारात घुसतं. वॉटर स्कीइंग करणाऱ्यांना हा धोका जुना माहीत आहे. म्हणूनच ते जाड, घट्ट निओप्रीनची चड्डी घालतात. जेट स्कीवर तर तसा इशाराच छापलेला असतो. वाचतो कोण! आपल्याकडे निओप्रीन कुठून आणणार, हे खरं. पण निदान पातळ, सैल कपड्यांत बसू नका. गरोदर स्त्रिया, मणक्याचा त्रास असलेले आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी काठावरून फोटो काढावेत.

मालवण-तारकर्लीपासून अलिबाग, गोव्यापर्यंत राइडच्या शेवटी मुद्दाम पाण्यात पाडायची पद्धत आहे. लोकांनाही तीच मजा वाटते. पण एकमेकांना खेटून बसलेली पाच-सहा माणसं एकदम पडली, की एकाचं डोकं दुसऱ्याच्या जबड्यावर आपटतं. ‘आम्हाला पाडायचं नाही,’ हे निघण्यापूर्वीच सांगा. दोर किंवा पट्टा मनगटाला, बोटांना गुंडाळू नका. झटका बसला तर बोट तुटू शकतं.

लाइफ जॅकेट घातलं म्हणजे झालं, असं नाही. सगळी बक्कलं लावून कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा.

बोटीत चालकाशिवाय आणखी एक माणूस हवा, तोंड मागे करून बसलेला, फक्त तुमच्याकडे बघणारा. चालक पुढे बघतो; मागे कोण पडलं, हे त्याला कळत नाही. पडलात तर हात वर करून ठीक असल्याचं दाखवा. पाण्यातून बोटीवर चढताना इंजिन पूर्ण बंद झाल्याशिवाय जवळ जाऊ नका. न्यूट्रलवर असतानाही पंखा फिरत राहू शकतो. पंख्याने कापलेल्या मांड्या मी शिवल्या आहेत, जास्त लिहीत नाही.

पडल्यावर मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर मान सरळ, स्थिर ठेवूनच बाहेर काढा. नाकातोंडात पाणी जाऊन खोकला किंवा धाप थांबत नसेल, तर हॉटेलवर न जाता रुग्णालय गाठा. पोट दाबून पाणी काढत बसू नका. जखम समुद्राच्या पाण्यात झाली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यातले जंतू वेगळे असतात, औषध बदलावं लागतं.

त्या बाई चौथ्या दिवशी घरी गेल्या. तेव्हापासून बोटीमागून पडून आलेल्या प्रत्येकीला आमच्या सिस्टर पडद्याआड नेऊन तो प्रश्न आधी विचारतात.