पंख्याला जाळी, पण कोणत्या बाजूला?

एक कोडं सोडवा पाहू. घरातला छताचा पंखा दिवसभर गरागरा फिरतो. त्याच्या वाऱ्याने कॅलेंडर फडफडतं, टेबलावरचे कागद उडतात, वहीची पानं आपोआप उलटतात. मग दिवाळीच्या साफसफाईत त्याच पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर कसा काय निघतो? सगळ्या खोलीला उडवणाऱ्याला स्वतःच्या पाठीवरची धूळ उडवता येत नाही?

नाहीच येत! पात्याला अगदी टेकून असलेली हवा पात्याला धरूनच असते. पातं फिरलं की तीही त्याच्याबरोबर फिरते. त्यामुळे पात्यावर बसलेल्या बारीक कणाला वारा जवळजवळ लागतच नाही. त्याच्या डोक्यावर मिलिमीटरभर अंतरावर वारा भणाणत असतो आणि हा पठ्ठ्या खाली निवांत पडलेला. लुडविग प्रांट्ल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली हायडलबर्गच्या गणित परिषदेत हवेच्या या पातळ थराबद्दल सांगितलं. पुढे विमानाचे पंख कसे करायचे, हे समजायला त्याच थराचा उपयोग झाला. म्हणजे आपल्या छताला लटकलेल्या धुळीत विमानविद्या दडलेली आहे.

आता छतावरून नजर खाली आणा. टेबलाखाली किंवा टेबलावर कॉम्प्युटरचा तो मोठा डबा असतो ना, त्याला दुकानदार ‘कॅबिनेट’ म्हणतात. त्यातही पंखे असतात. हल्लीच्या कॅबिनेटमधला नेहमीचा पंखा १२० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण तुमच्या तळहाताएवढा. मिनिटाला १२०० फेऱ्या मारल्या, तर त्याच्या पात्याचं टोक ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने पळतं. समोर काही अडथळा नसेल, तर असा एक पंखा मिनिटाला घनमीटरभर किंवा थोडी जास्तच हवा ढकलतो. तुमची खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर तीत २७ घनमीटर हवा मावते. करा भागाकार. अर्ध्या तासाच्या आत खोलीभर हवा त्या एका पंख्यातून जाऊन येते! आणि हवेबरोबर कोण येतं? धूळ.

धूळ तरी एका प्रकारची कुठे असते? सातारा आणि सांगली या दोन शेजारी जिल्ह्यांत तिचं प्रदर्शनच भरलेलं आहे. म्हसवड, दहिवडी, जत, आटपाडी हा कमी पावसाचा भाग. तिथे एप्रिल-मेचा वारा सुटला की मातीची कोरडी, भुरभुरीत धूळ दाराच्या फटीतूनही आत येते. कृष्णाकाठी ऊस. गळीत हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून आणि पेटवलेल्या पाचटातून काळ्या राखेचे हलके तुकडे उडत येतात आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर हमखास बसतात. सांगलीच्या बाजारात हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नाव देशभर आहे. पण जिथे हळदीची पोती रिकामी होतात, तिथल्या कॉम्प्युटरच्या पंख्याची पाती पिवळी झाली तर नवल नको. यात प्रत्येक घरातली धूळ मिसळा. कपड्यांचे तंतू, केस, आपल्याच कातडीचे कण. झाला मसाला तयार.

ही धूळ पात्यावर बसून राहिली असती, तर फारसं बिघडलं नसतं. खरी अडचण पुढे आहे. कॉम्प्युटरचा प्रोसेसर काम करताना तापतो. त्याची उष्णता ॲल्युमिनियमच्या पातळ पातळ पट्ट्यांमध्ये जाते आणि पंख्याची हवा त्या पट्ट्यांमधून वाहत ती उचलून नेते. पट्ट्यांमधल्या फटी एक-दोन मिलिमीटरच्या. तिथे आधी एखादा केस अडकतो, केसाला तंतू अडकतात, तंतूंना माती, आणि बघता बघता फटींच्या तोंडावर राखाडी गादी तयार होते. हवा बंद! मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम हळू चालतो. तुम्ही म्हणता, ‘गेम हँग झाला.’ तो बिचारा गुदमरलेला असतो.

म्हणून जाळी हवी. पण कोणत्या बाजूला?

याचं उत्तर कृष्णेच्या काठावर बघायला मिळतं. शेतकरी नदीवर पाण्याचा पंप बसवतात. पाण्यात सोडलेल्या पाइपच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो आणि त्याला भोकाभोकांची जाळी असते. पंप पाणी ओढतो तेव्हा पाला, काटक्या, खडे त्या जाळीपाशीच थांबतात. शेतात पाणी सोडणाऱ्या तोंडाला मात्र कोणी अशी जाळी बसवत नाही. काय अडवायचं ते आत येतानाच अडवायचं. पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. औंध संस्थानच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथे कारखाना वसवला. आधी नांगर, पुढे पंप. त्या गावातल्या कोणाही जाणत्या मिस्त्रीला कॉम्प्युटरची जाळी कुठे लावू असं विचारलंत, तर तो हसून म्हणेल, ‘ओढायच्या बाजूला, आणखी कुठं!’

तर बारीक जाळीचा फिल्टर हवा आत ओढणाऱ्या पंख्याला. हा बहुधा समोर किंवा खाली असतो. मागचा पंखा हवा बाहेर फेकतो, त्याला फिल्टर नको. तिथे फिल्टर लावला, तर तो आतून गच्च भरतो आणि गरम हवेची वाट अडवतो. मागच्या पंख्याला फक्त ग्रिल पुरे. ग्रिल म्हणजे जाड तारेची गोल गोल वेटोळी. तिचं काम धूळ अडवणं नाही. तुमची बोटं आणि आतल्या वायरी पात्यांपासून लांब ठेवणं एवढंच. पंखा कोणत्या बाजूला हवा फेकतो हे ओळखायची खूण सोपी आहे. ज्या बाजूला मोटार धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने बहुतेक सगळ्या पंख्यांची हवा बाहेर पडते.

ग्रिलमध्येही निवड असते. काही कॅबिनेटना वेगळी ग्रिल नसते, मागच्या पत्र्यालाच भोकं पाडलेली असतात. दिसायला छान, पण भोकांमधला पत्रा हवेला आडवा येतो. गोल तारेच्या ग्रिलमधून हवा तारेला वळसा घालून सहज सुटते. आणि आवाज? ग्रिल पात्यांच्या अगदी जवळ असली, त्यातही ओढण्याच्या बाजूला, की पंखा गुणगुणायला लागतो. तारेमागे हवेत भोवरे होतात आणि प्रत्येक पातं त्या भोवऱ्यांना धडकत जातं. बोटभर अंतर ठेवलं तर गुणगुण बरीच कमी होते.

आता फिल्टर. इथे थोडं गणित आहे, पळू नका. समजा, जाळीत दर मिलिमीटरला एक तार आहे आणि तार ०.२ मिलिमीटर जाड आहे. मग प्रत्येक भोक ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४ चौरस मिलिमीटर. शंभरातला ६४ भाग उघडा. तारेची जाडी ०.४ केली तर? ०.६ गुणिले ०.६, उघडा भाग फक्त ३६. तार दुप्पट जाड झाली आणि हवेची वाट जवळपास निम्म्यावर आली! आता उलट करा. तार ०.२ चीच ठेवा, पण धूळ जास्त अडावी म्हणून तारा दुप्पट दाट लावा, दर अर्ध्या मिलिमीटरला एक. भोक ०.३ चं झालं. उघडा भाग पुन्हा ३६. म्हणजे भोकं बारीक हवी असतील, तर तारही बारीक हवी. ०.१ च्या तारेने तीच दाट जाळी विणली की उघडा भाग परत ६४. म्हणून दुकानात फिल्टर उजेडासमोर धरून बघावा. भोकं बारीक दिसताहेत आणि तरीही उजेड भरपूर येतोय, तर घ्या. काळाकुट्ट पडदा दिसला, तर ठेवून द्या.

खिडकीच्या मच्छरदाणीची जाळी कापून लावली तर चालेल का? केस, तंतू, उसाच्या राखेचे मोठे तुकडे अडवायला चालेल. हळदीची पूड आणि जतची माती मात्र तिच्यातून आरामात आत जाईल. स्पंजचा फिल्टर धूळ छान धरतो, पण लवकर तुंबतो आणि काही वर्षांनी त्याचा भुगा पडायला लागतो. तोच भुगा मग आत! माझं मत विचाराल, तर बारीक नायलॉनची जाळी, चौकटीत बसवलेली, ओढली की निघणारी. कडेला चुंबकाची पट्टी असलेल्या जाळ्याही मिळतात, पण त्या लोखंडी पत्र्यालाच चिकटतात. समोरचा भाग प्लॅस्टिकचा असेल, तर पैसे वाया.

आणखी एक युक्ती आहे. फिल्टर पंख्याएवढाच घेण्याऐवजी कॅबिनेटच्या समोरच्या पूर्ण भागाएवढा घ्यायचा. क्षेत्रफळ दुप्पट झालं की जाळीतून जाणारी हवा निम्म्या वेगाने जाते, आणि तिला होणारा अडथळा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. पंख्याचंही असंच आहे. लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवलेला बरा. एकाच पंख्याचा वेग दुप्पट केला, तर हवा दुप्पट मिळते आणि वीज लागते आठपट!

आता जरा गंमत. फिल्टरवर तंतूंचा पातळ थर जमला, की तो थरच धूळ गाळायला लागतो. नव्या कोऱ्या जाळीतून जे कण निसटायचे, ते आता अडकतात. म्हणजे मळका फिल्टर जास्त चांगला? धूळ अडवण्यात हो, पण श्वास घेऊ देण्यात नाही. आणि तो फार तुंबला की वेगळाच घोटाळा होतो. समोरून हवा येईना, मागचा पंखा तर बाहेर फेकतोच आहे, मग कॅबिनेट मिळेल त्या फटीतून हवा ओढतं. यूएसबीच्या भोकांतून, पत्र्यांच्या सांध्यांतून. तिथे कुठे फिल्टर? म्हणून समोर आत ओढणारे दोन पंखे आणि मागे बाहेर फेकणारा एक, अशी मांडणी चांगली. आत हवा जास्त शिरली की फटींतून ती बाहेर पडते आणि धुळीला दार बंद. टिश्यू पेपरची पातळ पट्टी फटीजवळ धरून पाहा. पट्टी बाहेरच्या बाजूला हलली तर ठीक. फटीकडे ओढली गेली, तर फिल्टर धुवायला झालाय.

तुमच्यातला एखादा हुशार नक्की विचारेल, ‘मग भोकंच बंद करून टाकली तर?’ पिठाच्या गिरणीत जा. तिथल्या मोटारीभोवती दिवसभर पिठाचे ढग असतात, तरी ती चालते. तिचं अंग सगळीकडून बंद असतं आणि बाहेरून उभ्या कडा असतात. शेपटाकडच्या जाळीदार टोपीखाली पंखा असतो, तो त्या कडांवरून बाहेरच्या बाहेर हवा मारतो. अशा मोटारीच्या पट्टीवर पुष्कळदा ‘आयपी ५५’ असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला ५ धुळीपासूनच्या बचावाचा आणि दुसरा पाण्याच्या फवाऱ्यापासूनच्या. कारखान्यांसाठी असे बंद, बिनपंख्याचे कॉम्प्युटरही बनतात. पण खूप तापणाऱ्या, गेम खेळायच्या कॉम्प्युटरला पंखा लागतोच.

धुण्याबद्दल थोडं. फिल्टर किती दिवसांनी धुवायचा, हे गाव ठरवतं. माण-खटाव किंवा जतकडे उन्हाळ्यात दर पंधरवड्याला बघावाच लागेल. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगामात नजर ठेवा. महाबळेश्वरची तऱ्हाच न्यारी. साताऱ्याच्याच एका टोकाला माणमध्ये वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि दुसऱ्या टोकाला महाबळेश्वरात ५००० च्या पुढे! तिथे पावसाळ्यात मातीची धूळ कमी, पण असलेली धूळ ओल धरून लगदा होते, आणि धुतलेला फिल्टर चार-चार दिवस वाळत नाही. तिथल्या मुलांनी दोन फिल्टर ठेवावेत, एक कामावर आणि एक दोरीवर. हळदीचा फिल्टर साबणाने धुतलात तर घाबरू नका, तो लालसर होईल. साबण अल्कधर्मी असतो आणि हळद अल्कात लाल होते, हे विज्ञानाच्या तासाला शिकला असालच. उरलेला पिवळा डाग उन्हात ठेवला की फिका पडतो.

हे सगळं करताना घरातलं मोठं माणूस जवळ हवं. आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा कधीही उघडायचा नाही, कारण प्लग काढल्यावरही त्यात जोराचा झटका बसेल एवढी वीज साठून राहू शकते. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भन्नाट वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. आणि धुतलेला फिल्टर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय परत बसवू नका.