कॅस्टर्ली रॉकचे लॅनिस्टर

'गेम ऑफ थ्रोन्स' (२०११ ते २०१९, ८ सीझन, ७३ भाग) या मालिकेतलं सर्वांत श्रीमंत घराणं म्हणजे लॅनिस्टर. कॅस्टर्ली रॉक हा त्यांचा गड, निशाण लाल आणि त्यावर सोनेरी सिंह. अधिकृत ब्रीद गर्जनेचं. पण लोकांच्या तोंडी असतं ते वेगळंच: लॅनिस्टर देणं चुकवत नाहीत. त्यात कर्ज आलं तसा सूडही आला.

घराण्याचा प्रमुख टायविन पहिल्यांदा दिसतो तो पहिल्या सीझनच्या सातव्या भागात. छावणीच्या तंबूत तो हरणाचं कातडं सोलतोय आणि हात न थांबवता मुलाला, जेमीला, घराण्याच्या नावाचं महत्त्व सुनावतोय. राजा रॉबर्ट बराथियनच्या निशाणावरही हरीणच आहे, त्यामुळे पुढचं वेगळं सांगावं लागत नाही. टायविनची भूमिका करणाऱ्या चार्ल्स डान्स यांनी या प्रसंगात खरोखरच हरीण सोललं होतं.

जेमी आणि सर्सी जुळी भावंडं. सर्सी राणी, पण तिची तिन्ही मुलं राजाची नसून जेमीची; युद्धाची ठिणगी इथेच पडते. धाकटा टिरियन बुटका. त्याच्या जन्मावेळी आई गेली, ते बापाने कधीच माफ केलं नाही. चौथ्या सीझनच्या शेवटी टिरियन त्याच बापाला शौचकुपात बाणाने मारतो. या भूमिकेसाठी पीटर डिंक्लेज यांना चार एमी मिळाले.

आणि श्रीमंती? सोन्याच्या खाणी केव्हाच आटल्या होत्या, हे टायविन फक्त सर्सीला सांगतो.