जस्टीनच्या खिशातलं लॉकेट

आज बोलायचंय एका भयकथेबद्दल. पण तिच्यातल्या राक्षसापेक्षा एका कामवाल्या पोरीबद्दल जास्त.

'फ्रँकेनस्टाईन' ही कादंबरी 1818 साली लंडनला छापली. लिहिणारी मेरी शेली. पुस्तकावर आधी तिचं नावच नव्हतं; बऱ्याच जणांना वाटलं, हे पुरुषानंच लिहिलं असणार! लिहायला घेतलं तेव्हा मेरी 18 वर्षांची होती. तिची आई तिच्याच बाळंतपणानंतर थोड्या दिवसांत गेली होती, आणि मेरीचं स्वतःचं पहिलं लेकरूही काही दिवसांतच गेलं होतं.

व्हिक्टर फ्रँकेनस्टाईन हा शिकलेला तरुण मेलेल्यांचे अवयव जोडून एक जीव उभा करतो, आणि त्यानं डोळे उघडताच घाबरून पळतो. त्याला नावसुद्धा ठेवत नाही. त्याचं रूप बघून गावकरी दगड मारतात. एक आंधळा म्हातारा तेवढा त्याच्याशी माणसासारखं बोलतो. पुढं तो जीव सूडाला पेटतो आणि व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा गळा दाबतो.

आळ येतो जस्टीनवर. ती त्याच घरात कामाला. हरवलेल्या पोराला ती रात्री उशिरापर्यंत शोधत फिरलेली, दमून एका गोठ्यात पडलेली. झोपेत त्या राक्षसानं पोराच्या गळ्यातलं लॉकेट तिच्या खिशात घातलं. ते आलं कुठून, हे तिला सांगता येईना. पाद्री नरकाची भीती घालत राहिला. शेवटी ती 'मीच केलं' म्हणाली आणि फासावर गेली. व्हिक्टरला खरं माहीत होतं. लोक वेडा म्हणतील म्हणून तो गप्प बसला. राक्षसापेक्षा मला या माणसाचाच राग जास्त आला.

नांदेड-लातूरकडं भानामती म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठल्या, घरात कपडे पेटले, की करणी कुणी केली याचा शोध सुरू. बोट जातं ते एखाद्या एकट्या विधवेकडं, नाहीतर घरच्याच सुनेकडं. तिनं नाही म्हटलं तर लपवते, रडली तर ढोंग करते. जस्टीनचंही हेच झालं होतं.

फरक इतकाच, आपल्याकडं आता कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. एखादी बाई करणी करते अशी आवई उठवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत कैद, दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. तक्रार पोलीस ठाण्यात द्यायची, आणि तिच्यासोबत गटातल्या चौघी गेल्या तर फारच बरं. जस्टीनसाठी कोर्टात धीटपणे बोलायला त्या घरातली एलिझाबेथ एकटीच उभी राहिली होती.