मिक्सिंग आणि मास्टरिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बंगळुरूच्या कोरमंगलासारख्या भागात आज भाड्याच्या खोलीतही लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि एका बऱ्या माइकवर गाणं रेकॉर्ड करता येतं. नोकरीनिमित्त तिथे राहणाऱ्या मराठी तरुणांनाही ही वाट खुली आहे. मात्र रेकॉर्डिंगनंतरच्या मिक्सिंग आणि मास्टरिंग या दोन टप्प्यांबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : दोन्ही कामं एकच.
वस्तुस्थिती : मिक्सिंग करताना प्रत्येक वाद्याचा आणि गळ्याचा ट्रॅक सुटा असतो. तबला किती पुढे, पेटी कोणत्या बाजूला, गळ्याला रिव्हर्ब (घुमारा) किती, हे तिथे ठरतं. त्यातून सहसा एक स्टिरिओ फाइल निघते. मास्टरिंग या फाइलवर होतं : एकूण नाद, पातळी, अल्बममधल्या गाण्यांचा एकमेकांशी मेळ.

गैरसमज : मिक्समध्ये राहिलेलं मास्टरिंगमध्ये निघेल.
वस्तुस्थिती : 'सैराट' चित्रपटासाठी (2016) संगीतकार अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला. असा वाद्यवृंद आणि गळा यांचा तोल मिक्समध्येच साधावा लागतो. एकत्र झालेल्या फाइलमध्ये व्हायोलिन उजळायला जावं, तर त्याच पट्ट्यातला गळाही उजळतो.

गैरसमज : मास्टरिंग म्हणजे आवाज मोठा करणं.
वस्तुस्थिती : मेटॅलिका या बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक' (2008) अल्बमचा आवाज इतका चेपला होता (म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक पुसला होता) की चाहत्यांनीच तक्रार केली. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी सांगितलं, की मिक्सच त्यांच्याकडे चेपलेले आले होते. शिवाय स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी सुमारे उणे 14 एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं माप) पातळीवर आणतं. त्याहून मोठं गाणं तिथे खालीच येतं. चेपल्यामुळे गेलेला जिवंतपणा मात्र परत येत नाही.

गैरसमज : डिजिटल काळात मास्टरिंगची गरज नाही.
वस्तुस्थिती : तबकडीच्या काळात खर्ज अती झाला तर सुई खाचेतून उडायची, ते सांभाळणं मास्टरिंगचं काम होतं. आज तेच गाणं फोन, गाडी आणि हेडफोन, तिन्हीकडे नीट वाजावं लागतं. खोलीच्या भिंतींमुळे खर्ज फसवा ऐकू येतो, म्हणून ध्वनिशास्त्रीय दृष्ट्या नीट केलेली खोली आणि ताजे कान यांना मोल आहे.

म्हणून मास्टर बसवर (जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात) पातळी वाढवण्यासाठी लावलेला लिमिटर काढा, थोडी हेडरूम (कमाल पातळीखालची मोकळी जागा) ठेवा आणि 24 बिटची वेव्ह फाइल मास्टरिंगसाठी पाठवा. त्याआधी तोल मनासारखा झालाय का, हे तपासा. खर्च आणि वेळ आधी मिक्सवर घाला. चांगल्या मिक्सला मास्टरिंगमध्ये फार थोडं लागतं.