पडद्यावरून बोटांपर्यंत

पांढऱ्या कागदावरचे पांढरे ठिपके कॅमेऱ्याला दिसत नाहीत. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून (व्हीसी) ब्रेल शिकवायला बसलेल्या प्रशिक्षकाला हे पहिल्याच दिवशी कळतं. अशाच एका सत्रात मी बसलो होतो. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेनं आपला कागद मोबाइलसमोर धरला आणि इकडे पडद्यावर कोरा कागद दिसला. प्रशिक्षक म्हणाले, "ताई, वरचा दिवा बंद करा. कागद खिडकीजवळ टेबलावर आडवा ठेवा." तिरपा उजेड कागदावरून सरपटत आला, प्रत्येक ठिपक्याची बारीक सावली पडली आणि अक्षरं दिसू लागली. 'स्त' लिहिताना ताईंनी हलन्ताची खूण 'स'नंतर घातली होती. छापील अक्षरांची सवय असलेला कुणीही तशीच घालेल. भारती ब्रेलमध्ये मात्र ती जोडाक्षराच्या आधी येते. चूक जागच्या जागी सापडली आणि तिथेच सुधारली.

दृष्टिबाधित मुलांच्या शिक्षकांना दुरून प्रशिक्षण देता येतं का, असं मला अनेक जण विचारतात. देता येतं. पण नुसती भाषणं ऐकवून नाही. शिक्षकाचे हात कॅमेऱ्यासमोर यायला हवेत.

ही गरज का निर्माण झाली, हे आधी पाहू. मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनरी ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. आजच्या दादरच्या कमला मेहता अंधशाळेचं मूळ तिथे आहे. पुढे कित्येक दशकं अंध मुलांचं शिक्षण म्हणजे निवासी शाळा, हेच समीकरण होतं. तिथे नवा शिक्षक शेजारच्या वर्गातल्या जुन्या शिक्षकाकडे पाहून घडायचा. टेलर फ्रेम या अंकपाटीवर गणित कसं मांडायचं, मुलाचं बोट ओळीवरून कसं सरकवायचं, हे शिकायला वेगळं प्रशिक्षण लागत नसे. १९७४ साली केंद्राची एकात्म शिक्षण योजना आली, मग सर्व शिक्षा अभियान आलं, २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. मूल आईवडिलांजवळ राहून गावच्या शाळेत जाऊ लागलं. हे फार चांगलं झालं. पण शिक्षकाचा शेजारचा वर्ग सुटला. एका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा, त्यांत अंध मूल एखादंच, आणि अडलं तर विचारायला जवळपास कुणी नाही. व्हीसीचं खरं काम हा शेजार परत मिळवून देणं आहे.

दुरून शिकवण्याची कल्पना पडद्याहून जुनी आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातले विल्यम हॅडली हे हायस्कूलचे शिक्षक. प्रौढ वयात त्यांची दृष्टी गेली आणि ते स्वतः ब्रेल शिकले. १९२० साली त्यांनी टपालानं ब्रेल शिकवायला सुरुवात केली. त्यांची पहिली विद्यार्थिनी कॅन्सस राज्यातली एका शेतकऱ्याची पत्नी होती. धडे टपालानं जात आणि सोडवलेले स्वाध्याय टपालानंच परत येत. भारतात २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' उपग्रह सोडला गेला. अपंग पुनर्वसनाचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्था उपग्रहानं जोडण्याचं काम इस्रो आणि भारतीय पुनर्वास परिषद यांनी मिळून केलं. मात्र त्यासाठी तबकडी बसवलेल्या केंद्रापर्यंत जावं लागे. २०२०च्या टाळेबंदीत चित्र बदललं. नोंदणी चालू ठेवण्यासाठी विशेष शिक्षकांना निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे जे 'सीआरई' कार्यक्रम करावे लागतात, तेही ऑनलाइन झाले आणि प्रशिक्षण खिशातल्या मोबाइलवर आलं.

सोय झाली, पण सगळं साधलं नाही. शंभर-दोनशे जण म्यूटवर बसलेत, एक तज्ज्ञ स्लाइड वाचून दाखवतोय आणि शेवटी प्रमाणपत्रासाठी फॉर्म भरून घेतला जातोय, अशी सत्रं मी बरीच पाहिली. त्यांतून कायदे समजतात, योजना समजतात. हात मात्र तयार होत नाही. ब्रेल पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचत जायचं असतं, कारण ठिपके कागद उलटल्यावर वाचायचे असतात. हे ऐकून एका मिनिटात समजतं. बोटांत उतरायला मात्र आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस कुणीतरी ती बोटं पाहत राहावं लागतं.

म्हणून चांगल्या प्रशिक्षणात गट लहान असतो, सात-आठ जणांचा. मोबाइल चेहऱ्यासमोर नसतो. दोन डब्यांवर लाकडी पट्टी आडवी टाकून, कॅमेरा खाली करून तो हातांवर रोखलेला असतो. पाटी, कागद, ॲबॅकस हे साहित्य आधीच घरपोच गेलेलं असतं. दोन सत्रांमध्ये आठवडाभराचं अंतर असतं, कारण मधल्या दिवसांत शिक्षकानं ते मुलाबरोबर करून पाहायचं असतं.

आणखी एक गोष्ट आपण सहज विसरतो. या शिक्षकांपैकी अनेक जण स्वतः अंध आहेत. "हे इथे बघा, हे असं धरायचं" या वाक्यातून त्यांच्या हाती काहीच लागत नाही. शेअर केलेली स्क्रीन त्यांच्या स्क्रीन रीडरला नुसतं चित्र असते, त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. तेव्हा टिपणं आदल्या दिवशी पाठवावीत, आणि तीही युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर स्क्रीन रीडरवर अर्थहीन अक्षरांचा गोंधळ होऊन ऐकू येतो. ज्या प्रशिक्षकानं "डाव्या हाताची तर्जनी पाटीच्या चौकटीत ठेवा, उजव्या हातातलं टोक तिला टेकवा" असं बोलायची सवय लावून घेतली, त्याचं शिकवणं डोळस शिक्षकांनाही अधिक नेमकं कळतं. शेवटी त्या शिक्षकांनाही वर्गात मुलाशी असंच बोलायचं असतं.

काही गोष्टी पडद्यावरून शिकवू नयेत. पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणं ही त्यांतली पहिली. तिथे चूक जिवावर बेतू शकते. शिक्षकानं आधी स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून, जाणत्या माणसाच्या सोबतीनं चाललंच पाहिजे. ब्रेल वाचणाऱ्या बोटाचा दाब किती असावा, हेही बोटाला बोट लावूनच कळतं. म्हणून सुरुवातीचे काही दिवस समोरासमोर आणि पुढचं वर्षभर व्हीसीवरून पाठपुरावा, हीच रीत मला योग्य वाटते.

२०११च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्ती सुमारे ५० लाख होत्या. त्यांतल्या मुलांना शिकवायला पुरेसे शिक्षक हवेत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं आणि पुढच्या वर्षी केंद्रानं ते ठरवलं: प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक, वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक. पदं भरली गेलीच पाहिजेत. व्हीसी हा शिक्षक न नेमण्याचा बहाणा होता कामा नये. नेमलेला शिक्षक एकटा पडू नये, यासाठी ती आहे.

त्याच ताईंचं पुढचं एक सत्र मला आठवतं. त्या दिवशी त्या शाळेतूनच जोडल्या गेल्या होत्या. शेजारी दुसरीतली मुलगी ब्रेलरवर, म्हणजे ब्रेलच्या टंकयंत्रावर, लिहायला बसली होती. आधी काहीच ऐकू येईना, कारण ॲप ब्रेलरची खटखट गोंगाट समजून गाळत होतं. प्रशिक्षकांनी सेटिंग बदलायला लावली. मुलीनं 'क' लिहिला आणि खट, खट असे दोन आवाज आले. 'क'ला पहिला आणि तिसरा असे दोन ठिपके लागतात, पण त्यांच्या कळा एकदम दाबायच्या असतात. प्रशिक्षक पडद्याकडे पाहतही नव्हते. ते म्हणाले, "ताई, दोन आवाज आले. तिची बोटं मागेपुढे पडताहेत." ताईंनी मुलीच्या बोटांवर आपली बोटं ठेवली, एकदा बरोबर दाबलं आणि हात काढून घेतला. मुलीनं पुन्हा दाबलं. या वेळी एकच आवाज आला.