वसाहतीतील ससेपालन आणि मादीची विण्याची तयारी : एक मागोवा

पाळीव सशाचे मूळ इबेरियन द्वीपकल्पातील, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालमधील, रानसशात असून तो बिळांचे जाळे खोदून समूहाने राहतो. यवतमाळच्या माळरानांवर दिसणारा भारतीय ससा मात्र निराळ्या प्रजातीचा आहे, तो बीळ करत नाही आणि त्याची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. त्यामुळे उघडीनागडी, आंधळी पिल्ले बिळात जपणाऱ्या पाळीव मादीचे वर्तन समजण्यास या जिल्ह्यातील रानातला अनुभव फारसा उपयोगी पडत नाही.

मध्ययुगीन युरोपात ससे कुंपण घातलेल्या राखीव जागेत, बिळांसह पाळले जात. पुढे पिंजऱ्यांचा प्रसार झाल्यावर संकरावर आणि विष्ठेतून पसरणाऱ्या कॉक्सिडिओसिससारख्या आतड्याच्या रोगावर नियंत्रण मिळवणे सोपे झाले, पण मादीचे खोदकाम पालकाच्या नजरेआड गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातील मायकिटोविझ यांनी आणि १९६४ च्या ग्रंथातून ब्रिटनच्या लॉकली यांनी समूहातील ससे निरखले, तेव्हा वरचढ माद्या मुख्य बिळात वितात आणि दुय्यम माद्यांना बरेचदा दूर, एकाच तोंडाचे आखूड बीळ खोदावे लागते, हे स्पष्ट झाले. त्याच सुमारास अमेरिकेत झॅरो व सहकाऱ्यांनी घरटे बांधण्यामागील संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश वाहणारी रसायने, अभ्यासली: गर्भकाळाच्या अखेरीस प्रोजेस्टेरॉन उतरते, प्रोलॅक्टिन चढते, केस सैल होतात आणि मादी वाळक्या गवताच्या घरट्यात छाती-पोटावरचे केस उपटून अंथरते. मादी पिल्लांना दिवसातून साधारण एकदाच, तेही काही मिनिटे, पाजते, हेही त्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिल्यामुळे ती घरट्याकडे फिरकत नाही म्हणजे पिल्ले टाकली, हा समज टिकला नाही.

वसाहतीत, म्हणजे अनेक ससे एकत्र मोकळे पाळताना, घरटे बांधण्याच्या या खुणा वाचण्यात एक अडचण येते. सशाच्या मादीत बीजविमोचन, म्हणजे बीजांडाची सुटका, समागमाच्या उत्तेजनेनंतर सुमारे दहा तासांनी होते. माद्या एकमेकींवर चढल्या तरी ते घडू शकते आणि मादी खोटी गाभण राहते. अशी मादी सोळा-अठरा दिवसांच्या सुमारास केस उपटते, तर खरी गाभण मादी एकतीस दिवसांच्या आसपास विते. म्हणून समागमाची तारीख नोंदवलेली नसेल तर केवळ केसांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

यवतमाळमध्ये या ज्ञानाला माती आणि उन्हाची मर्यादा पडते. संकटग्रस्त शेतकऱ्यांसाठीच्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातील जे सहा जिल्हे होते त्यांत यवतमाळही होते आणि शेतीला पशुपालनाची जोड देताना भर दुधाळ जनावरांवर होता. ससा त्या जनावरांहून नाजूक, कारण त्याला घामावाटे अंग थंड करता येत नाही आणि तीव्र उन्हाळ्यात नराची प्रजननक्षमता काही काळ घटते. शिवाय कपाशीची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळे तिच्यात खोदलेली बिळे भरवशाची राहत नाहीत. म्हणून येथील वसाहतीला पाणी न साचणारा उंच ओटा, दाट सावली आणि प्रत्येक गाभण मादीसाठी स्वतंत्र, अंधारी पेटी लागते. माद्या जास्त आणि पेट्या कमी असल्या तर एकाच घरट्यासाठी भांडण होऊन दुय्यम मादीची पिल्ले उघड्यावर पडतात, आणि समूहाने पाळण्याचा लाभ तेथेच संपतो.